१६ वर्षांचा भाचा हाताबाहेर चाललाय, मदत नक्की कुठे मागायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचा १६ चा, चार महिने झाले शाळेत जात नाही, रात्री कधीही घरी येतो, कपाटात काहीबाही सापडलंय, बहीण एकटीच सगळं ओढतेय आणि आता पार थकलीय. तुम्ही नेटवर शोधायला बसलात तर पन्नास ठिकाणं निघाली पण पहिला फोन कुणाला करायचा तेच कळेना, आणि शेवटी ते निवासी शिस्त शिबिर दिसलं, ‘९० दिवसांत मूल सुधारून देतो’ वालं, तर त्याचा फॉर्म भरू का असं विचारलंय.

फॉर्म भरू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही असंच एका शिबिरात पाठवलं होतं, तो तेव्हा १५ चा. पहाटे उठवायचे, पळवायचे, मोबाइल काढून घेतलेला, चुकलं की सगळ्यांसमोर उभं करायचे. आई म्हणायची चांगलं चाललं असणार, फोन नाही म्हणजे तक्रार नाही. (फोन करूच देत नव्हते हे नंतर कळलं.) परत आला तेव्हा पहिले पंधरा दिवस इतका शहाण्यासारखा वागला की आम्ही नातेवाइकांना सांगून मोकळे झालो, आणि मग तिथे झालेले दोन नवे दोस्त त्याला भेटायला यायला लागले. आधी तो फक्त सिगरेट ओढायचा. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

नंतर मी या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे फक्त आमच्याच नशिबी आलेलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा एक मोठा प्रयोग सुरू झाला होता, ५०६ मुलगे, निम्म्यांना घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं आणि निम्म्यांना यातलं काही नाही. जोन मॅककॉर्ड म्हणून एक संशोधक बाई होत्या, त्यांनी ३० वर्षांनी ती मुलं शोधून काढली आणि १९७८ मध्ये निकाल छापला, तर मदत मिळालेल्यांचं काही बाबतीत उलट जास्तच वाईट झालेलं. पुढे आणखी खोदल्यावर दिसलं की ज्यांना एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला धाडलं होतं त्यांचं नुकसान जास्त. आणि ती शिबिरं काही दरडावणारी नव्हती बरं का, साधी सुट्टीतली होती. अडचणीतली दहा पोरं एका खोलीत आणली की मोठ्यांचं भाषण संपल्यावर त्यांची खरी शाळा सुरू होते, कोण काय करून सुटला याचे किस्से, आणि ज्याचा किस्सा भारी तो हिरो. तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम असतात ना, ‘स्केअर्ड स्ट्रेट’, त्यांचंही तेच झालं, ९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर काहीच न केलेल्या मुलांपेक्षा घाबरवून आणलेली मुलं पुढे जास्त गुन्ह्यांत सापडली.

बरं, मग कुठे जायचं ते सांगतो, पण त्याआधी एक काम आजच्या आज करा. बहिणीला विचारा की तो कधी मरायचं बोललाय का, हातावर काही खुणा दिसतात का, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय का. आणि शक्य असेल तर त्यालाच सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे कधी?’ असं. विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं असं लोक म्हणतात, ते खरं नाही, याचा अभ्यास झालेला आहे. बहुतेक मुलांना उलट हायसं वाटतं की कुणीतरी एकदाचं विचारलं. उत्तर हो आलं किंवा नुसतं गप्प बसला तरी त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, कीटकनाशक वगैरे कुलपात टाका आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. तसं असेल तर खालचं सगळं नंतर.

तसं काही नसेल तर पहिला फोन हेल्पलाइनला. मला आधी वाटायचं हेल्पलाइन म्हणजे रडायची जागा, आणि तीही फक्त मुलांसाठी. आता मी स्वतः सहा वर्षं आठवड्यातून एक रात्र अशा लाइनवर बसतो, तर माझ्या पाळीत मावश्या, मामा, शिक्षक, एकदा तर शेजारी, सगळे फोन करतात आणि आम्ही सगळ्यांशी बोलतो. तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलं नाहीये म्हणून मला आठवतात ते देतो. भारतात १०९८, युरोपातल्या बऱ्याच देशांत ११६ १११, ब्रिटनमध्ये चाइल्डलाइन ०८०० ११११ (ही मुलांनी स्वतः फोन करायची, मोठ्यांसाठी एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेची लाइन ०८०८ ८०० ५०००), अमेरिकेत जिवाचा प्रश्न असेल तर ९८८ आणि नुसती सेवा शोधायची असेल तर २११, हा २११ कॅनडातही चालतो. दुसरीकडे असाल तर चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल बघा, २००३ पासून आहे, शंभराहून जास्त देशांतल्या लाइनी तिच्याशी जोडलेल्या आहेत, तिथे तुमच्या देशाची सापडेल.

पण फोन करून नुसतं ‘मुलगा बिघडलाय काय करू’ म्हणू नका. म्हणजे म्हटलंत तरी कुणी फोन ठेवणार नाही, पण तुमच्या हातात काही पडायचं नाही. बिघडलाय या शब्दाचं आम्ही काय करायचं सांगा! वय, किती दिवस शाळा बंद, काय सापडलं, घरी कोण कोण, मारझोड होते का, पोलिसांपर्यंत गेलंय का, एवढं पाच ओळींत लिहून घ्या आणि वाचून दाखवा. मग विचारा की या वयाच्या मुलाला आमच्या जवळ कोण घेतं, तिथल्या माणसाचं नाव काय, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं कोण. हा शेवटचा प्रश्न विसरू नका कारण पहिलं ठिकाण बऱ्याचदा नाहीच म्हणतं.

का नाही म्हणतं तेही सांगतो, कारण आम्ही याच्यातच सात महिने घालवले. व्यसनमुक्तीवाले म्हणाले याला डिप्रेशन दिसतंय, आधी त्याचे उपचार करा. मानसोपचारवाले म्हणाले आधी नशा थांबू दे, मग आणा. शाळा म्हणाली सर्टिफिकेट आणा. कुणी खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकाच्या टेबलावर मुलाचा एकेक तुकडा येतो आणि तो त्या तुकड्यापुरतं खरं सांगतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये हेडस्पेस म्हणून केंद्रं सुरू झाली ना, १२ ते २५ वयासाठी, ती याच कारणाने, मनाचं, शरीराचं, नशेचं आणि नोकरी-शिक्षणाचं एकाच छताखाली. असं काही तुमच्याकडे असेल तर डोळे मिटून तिथे जा. नसेल तर छप्पर तुम्हालाच व्हावं लागणार, म्हणजे एक वही करा, कुणाशी कधी बोललात, काय म्हणाले, पुढची तारीख, सगळं त्यात. आणि ही वही बहिणीकडे देऊ नका, तुमच्याकडे ठेवा. ती आधीच दमलीय, तिला परत परत तीच कहाणी अनोळखी माणसांना सांगायला लावणं हा एक वेगळाच छळ असतो, माझ्या आईला मी तो करायला लावला होता.

सगळ्यात जास्त खटपट एका गोष्टीसाठी करा, मुलाच्या नावावर एक केसवर्कर किंवा सोशल वर्कर नेमून मिळतो का ते बघा. शाळेचा समुपदेशक, सरकारी बालकल्याण खातं, एखादी स्वयंसेवी संस्था, कुणाकडूनही चालेल, पण एकच माणूस, ज्याला तुम्ही नावाने फोन करू शकता. शाळेचं नाव काढलं म्हणून वैतागू नका, पटावरून नाव कमी व्हायच्या आत त्यांच्याशी बोला, नंतर त्यांची जबाबदारी संपते आणि परत प्रवेशाच्या मागे फिरणं फार जिकिरीचं.

संस्था कशी निवडायची तर वेबसाइटवरचे फोटो बघून मुळीच नाही. मी तीन प्रश्न विचारतो. घरच्यांना बरोबर घेऊन काम करता का, की मुलाला नेऊन परत आणून देता? मुलगा आला नाही तर तुम्ही त्याच्याकडे जाता का? आणि एका माणसाकडे किती मुलं? मल्टिसिस्टेमिक थेरपी नावाची एक पद्धत आहे, स्कॉट हेंगलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली, तीत थेरपिस्टकडे एका वेळी चार ते सहाच कुटुंबं असतात, तो घरी येतो, शाळेत जातो, तीन ते पाच महिने चोवीस तास फोनवर असतो. हे सगळीकडे मिळत नाही, महागडं काम आहे, पण डोक्यात हे माप ठेवा, म्हणजे समोरचा ‘एका समुपदेशकाकडे दीडशे मुलं’ म्हणाला तर तुम्हाला कळेल की तिथून काय मिळणार. जिथे आई-वडिलांना भेटू देत नाहीत, फोन करू देत नाहीत, सगळे पैसे आधीच मागतात आणि मूल बदलायची गॅरंटी देतात, तिथून चपला घालून बाहेर पडा.

आता तुमचा खरा अडसर, जो तुम्ही शेवटच्या ओळीत उरकून टाकलाय, की तो कुठेच यायला तयार नाही. नसेलच. माझा भाऊही नव्हता. तर मग त्याच्याऐवजी बहिणीला पाठवा, नाहीतर तुम्ही जा. व्यसन असलेल्यांच्या घरच्यांसाठी क्राफ्ट म्हणून एक पद्धत आहे, रॉबर्ट मेयर्स यांची, तीत भांडायचं कधी नाही, तो शुद्धीत असताना चांगलं कसं वागायचं, त्याच्या चुकांवर पांघरूण कधी घालायचं नाही, आणि उपचाराचा विषय नेमका कुठल्या क्षणी काढायचा, हे घरच्यांनाच शिकवतात. १९९९ च्या एका अभ्यासात असं शिकलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्क्यांनी आपल्या नाही म्हणणाऱ्या माणसाला उपचारापर्यंत आणलं, आणि घरच्यांनी सगळ्यांनी मिळून घेरून समजवायची जी पद्धत आहे तिचा आकडा ३० टक्के होता. ती माणसं दारू पिणारी मोठी होती, १६ वर्षांची नव्हती हे मान्य, पण समुपदेशकाला ‘मुलगा येत नाहीये, आम्ही आलो तर शिकवाल का’ असं विचारायला काय हरकत आहे.

आणि तो यायला तयार झाला की त्याला आधी हे सांगून टाका की आत बोललेलं बाहेर येत नाही. पूर्ण खरं हे की जिवाला धोका असेल किंवा कुणी अत्याचार करत असेल तर समुपदेशकाला सांगावंच लागतं, तेही त्याला सांगा, नंतर कळलं तर तो परत तोंड उघडणार नाही. तुम्हीही बाहेर आल्यावर ‘काय विचारलं रे’ करू नका. मी करायचो.

वयाचं एक लक्षात ठेवा. मुलांसाठीच्या बऱ्याच सेवा १८ ला बंद होतात, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही मूल म्हणजे साधारणपणे १८ च्या आतलं. तुमच्याकडे दोनच वर्षं आहेत, त्यात दोन-तीन महिने वेटिंग लिस्टमध्ये जातात, म्हणून एका ठिकाणी नाव घालून वाट बघत बसू नका, तीन ठिकाणी घाला. ‘अठरानंतर कोण बघेल’ हे सुरुवातीलाच विचारलं की समोरचा थोडा गडबडतो, पण उत्तर मिळतं.

माझ्या भावाचं काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. समुपदेशक तिसरी कामाला आली, आधीच्या दोघींशी तो बोललाच नाही. पण ती एवढंच करून थांबली नाही, तिने त्याला मुलांच्या एका केंद्रात सायकल दुरुस्ती शिकवणाऱ्या काकांकडे पाठवलं. हे काका काही समुपदेशक वगैरे नव्हते, नशेचा विषय त्यांनी कधी काढलाच नाही. तो तीन वेळा ठरवून गेला नाही, चौथ्यांदा गेला तर म्हणाले, ‘आलास का, तो स्पॅनर दे.’ हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर या बाई चाळीस वर्षं राहिल्या, त्यातल्या अगदी वाईट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा असाच कुणीतरी एक होता, आजी, शिक्षक, शेजारी. हे वाचलं तेव्हा मला पहिले ते काकाच आठवले. मधे दोनदा भाऊ घसरला, एकदा तर वाईट घसरला, तेव्हाही ते फोनवर म्हणाले, ‘शनिवारी दुकान उघडं आहे.’

तेव्हा केसवर्कर मिळाला की त्याला हेही विचारा की आसपास असं कुणी आहे का, कुठली कार्यशाळा, खेळाचा क्लब, काहीही, जिथे आठवड्यातून एकदा त्याची कुणी वाट बघेल. आणि ते मिळेपर्यंत भाच्याला तुम्हीच एक ठरलेला वार देऊन टाका. उपदेश नको, नुसतं जेवायला बोलवा, तो आला नाही तरी पुढच्या आठवड्यात परत बोलवा.