माणसासाठीचे एलायझा किट माकडाच्या प्लाझ्मासाठी चालेल का?

बॉनेट मकाक, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्या प्लाझ्मातील इंटरल्युकिन-६ (दाहाच्या वेळी वाढणारे सायटोकाइन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारे प्रथिन) एलायझाने, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणाऱ्या रंगचाचणीने, मोजायचे आहे, माकडासाठीचे किट परवडत नाही, तेव्हा माणसासाठीचे चालेल का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरातील एका प्रयोगशाळेत बरीच वर्षे एलायझाच्या प्लेटा धुतल्यावर माझे मत असे आहे की ते चालू शकेल, परंतु आपल्या माकडाचे प्रथिन त्या किटला दिसते, हे आधी आपणच पडताळले पाहिजे.

सँडविच एलायझात एक अँटिबॉडी प्रथिनाला धरून ठेवते आणि दुसरी त्यावर बसून रंग आणवते. माणूस आणि मकाक यांचे हे प्रथिन पुष्कळसे सारखे असले, तरी मोनोक्लोनल (प्रथिनातील एकच ठिकाण ओळखणाऱ्या) अँटिबॉडीची पकड मोजक्या अमिनो आम्लांवर असते आणि नेमका तेथेच फरक पडला, तर प्लेट कोरी राहते. कोऱ्या प्लेटेवरून ‘सायटोकाइन नाही’ असे लिहिणे धोक्याचे आहे. माहितीपत्रकात ऱ्हीसस मकाक या जवळच्या प्रजातीचा उल्लेख असला, तरी बॉनेटची खात्री त्यातून मिळत नाही.

मी स्वतः येथे फसलो होतो. नमुन्यात किटमधील स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणातील प्रथिन) मिसळून त्यातले ८० ते १२० टक्के परत मिळाले, म्हणून मी निर्धास्त झालो. पण ते स्टँडर्ड मानवी प्रथिनाचे होते. त्यातून प्लाझ्मा अडथळा आणत नाही एवढेच सिद्ध झाले, माकडाच्या प्रथिनाविषयी काहीच नाही.

त्याऐवजी त्याच प्रजातीचे हेपारिनमधील (गोठू न दिलेले) ताजे रक्त लिपोपॉलिसॅकराइड (रक्तपेशींना हे प्रथिन बनवायला लावणारा जिवाणूंच्या आवरणातील पदार्थ) घालून ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावे, सोबत काहीही न घातलेले रक्तही ठेवावे. पहिल्यातील प्लाझ्मा दर वेळी निम्मा पातळ करत मोजल्यास मिळणारी रेषा स्टँडर्डच्या रेषेला समांतर आली आणि दुसऱ्यात रंग फिका राहिला, तर किट वापरण्याजोगे आहे. तरीही आकडे गटागटांच्या तुलनेपुरतेच धरावेत, कारण मोजपट्टी मानवी प्रथिनाचीच राहते.

मकाकच्या रक्तात माणसाला जीवघेणा ठरणारा हर्पिस बी विषाणू असू शकतो, आणि नमुने घाटाखालून, सिंधुदुर्गाकडून येत असतील, तर क्यासनूर ज्वराचाही (माकडांनाही होणाऱ्या, गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाचा) विचार करावा लागेल. म्हणून नळ्या सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडाव्यात.

किट मात्र सुट्या होणाऱ्या ८ वेलच्या (खळग्यांच्या) पट्ट्यांचे मागवावे, म्हणजे या पडताळणीत दोन-तीनच पट्ट्या खर्ची पडतील.