घाटातला अपघात, दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक आणि नाकारलेला विमा

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. घाटात ब्रेक कमी पडतात म्हणून ऑगस्टमध्ये गॅरेजवाल्याकडून पुढच्या चाकांना त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवून घेतले. सामान जुन्या बाजारातले होते. डिसेंबरमध्ये खंबाटकी घाट उतरताना पुढच्या दुचाकीला धडक बसली आणि दुचाकीस्वाराचा पाय मोडला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. विमा कंपनीने 'अनधिकृत बदल' एवढेच कारण देऊन गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला. क्लेम फॉर्मवर मी 'ब्रेक लागले नाहीत' असे लिहिले होते. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, मूळ ब्रेक परत लावून टाकू. पॉलिसीचे नूतनीकरण जूनमध्ये झाले होते. काय करावे? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मूळ ब्रेक परत लावू देऊ नका. गॅरेजवाल्याला आजच लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले तरी चालेल, की चाके, कॅलिपर, होस पाइप, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल पुढे ढकलणारा भाग) आणि रिझर्व्हॉयरमधले, म्हणजे टाकीतले, ब्रेकचे तेल यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. गाडी पोलिसांनी सुपुर्दनाम्यावर (ताबा देताना घेतलेल्या लेखी हमीवर) सोडली असेल तर त्यातली अट वाचा. बहुतेकदा 'स्थितीत बदल करणार नाही' असे त्यात लिहिलेले असते. शिवाय गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा ठरू शकतो. आणि ते भाग तुमच्याविरुद्धच बोलतील असे समजू नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कदाचित तेच असतील.

मोठी डिस्क बसवली म्हणून ब्रेक निकामी होत नाहीत. जाड, मोठी डिस्क जास्त उष्णता सोसते, आणि घाटात तेच हवे असते. बिघाड होतो तो जोडणीत. मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरला जास्त तेल लागते; मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल खोल जाते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बिघडतो. जुन्या कॅलिपरचा पिस्टन अडकतो, सील गळते. होस लांबीला कमी पडला तर स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणला जातो, जास्त झाला तर टायरला घासतो. होस कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुनेच वापरले तर तिथून तेल झिरपते. ब्लीडिंग (पाइपांतली हवा काढणे) अर्धवट राहिले तर हवा अडकते. तेल जुने असेल तर त्यात ओलावा मुरलेला असतो : डॉट ३ प्रतीच्या ब्रेक तेलाचा किमान उत्कलनांक नव्या तेलाला २०५ अंश असतो, ओलावा शोषलेल्याला १४०, डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर जुने तेल उकळते आणि पेडल एकदम मऊ पडते. हे मूळ ब्रेक असतानाही घडते.

म्हणून खरा प्रश्न एकच : अपघात या बदलामुळे झाला का? तसे झाले हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे. 'अनधिकृत बदल' हे शब्द पत्रात लिहिले म्हणजे कारण सिद्ध होत नाही.

मोटार वाहन निरीक्षकाने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली गाडी तपासली असेल तर अहवालाची प्रत तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागा. तपासणी झाली नसेल तर ती करावी असा अर्ज द्या. त्यात मुद्दे नेमके लिहा : तेल कुठून गेले, धडकेने पाइप फुटला की आधीच गळत होता, पॅड जळून काचेसारखे झाले आहेत का, पिस्टन सरकतो का, ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट आहेत का. तेलाचा नमुना सीलबंद करायला सांगा. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बॅटरी काढण्याआधी स्कॅन करून कोड नोंदवा. विमा कंपनीलाही ईमेल करून संयुक्त तपासणीला बोलवा. ते आले नाहीत तर तीही तुमच्या फायद्याची नोंद.

दाव्याचे कायदेशीर गणित असे आहे. खासगी गाडीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि इतरांची भरपाई दोन्ही असलेल्या) गाडी कार्यक्षम स्थितीत ठेवण्याची अट असते. कंपनी बहुधा तिच्यावर बोट ठेवील. पण नकारपत्रात तिने जे कारण दिले नाही ते पुढे न्यायपीठासमोर नव्याने घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणून ते पत्र शब्दन् शब्द जपून ठेवा. सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्याचा) अहवाल अंतिम नसतो, हे प्रदीप कुमार प्रकरणात २००९ मध्येच स्पष्ट झाले. आणि अटीचा भंग झाला असे धरले तरी संपूर्ण दावा फेटाळण्याऐवजी तो 'नॉन-स्टँडर्ड' (अटींत पूर्ण न बसणारा) समजून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचे तत्त्व अमलेंदु साहू प्रकरणात २०१० मध्ये मान्य झाले आहे. माझ्या मते तुमच्यासाठी वास्तववादी लक्ष्य हेच आहे. पूर्ण रक्कम मागा, पण तडजोडीत या आकड्याला नाक मुरडू नका.

आणखी एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. नूतनीकरण जूनमध्ये आणि ब्रेक ऑगस्टमध्ये, त्यामुळे पॉलिसी घेताना माहिती लपवली असा आक्षेप टिकणार नाही. गॅरेजची तारखेची पावती म्हणूनच मोलाची.

जखमी दुचाकीस्वाराच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीला या कारणावरून झटकता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये तिला मोजकेच बचाव दिले आहेत आणि सुटे भाग बदलणे त्यांत नाही. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात 'ब्रेक अचानक निकामी झाले, माझी चूक नाही' असा बचाव घेण्याचा मोह आवरा. मिनू मेहता प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही कळला नसता, हे मालकाने सिद्ध करायचे असते. जुन्या बाजारातले कॅलिपर लावणाऱ्याला ते फार जड जाईल, आणि त्याच वाक्याचा आधार विमा कंपनी घेईल.

मग क्लेम फॉर्मवरच्या त्या ओळीचे काय? ती खोडू नका, नाकारू नका. पुरवणी जबाब द्या आणि नेमके काय घडले ते लिहा : वेग किती, गिअर कोणता, रस्ता ओला होता का, पुढच्या दुचाकीपासून अंतर किती, पेडल कडक होते की खोल गेले. 'ब्रेक लागले नाहीत' याचा अर्थ 'गाडी वेळेत थांबली नाही' असाही असू शकतो. पण जे खरे असेल तेच लिहा. निरीक्षकाचा अहवाल त्याच्याशी ताडून पाहिला जाणार आहे.

बदल कायदेशीर होता का, याचे उत्तर सरळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा करणाऱ्या बदलावर आहे, आणि नोंदणीपत्रात ब्रेकचा रकाना नसतो. त्यामुळे आरटीओत 'नोंद लागत नाही' असे उत्तर मिळते. ते परवानगी म्हणून धरू नका. त्याच कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ए(४) व्यापक आहे : नियमांत न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. या कलमाखाली चलन आले तर वकिलाशी बोलल्याशिवाय भरून मोकळे होऊ नका. विमा कंपनी ती पावती कबुली म्हणून पुढे करू शकते.

फौजदारी प्रकरणात भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि गंभीर दुखापतीसाठी १२५(बी) लागले असण्याची शक्यता आहे. एफआयआरची प्रत घेऊन जवळच्या वकिलाला दाखवा.

आता दाद कुठे मागायची. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत, विनाशुल्क. निरीक्षकाचा अहवाल तुमच्या बाजूने असेल तर हा मार्ग सोपा आहे. तो मोघम किंवा विरुद्ध असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली भाग सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवता येतात. आयोगाची मुदत दोन वर्षांची. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, त्यामुळे निवड आधी करा.

गॅरेजवाल्यालाही तिथेच प्रतिवादी करता येते, पण अहवालात जोडणीचा दोष दिसला तरच. नाहीतर 'जोडणी सदोष होती' हे तुमचेच म्हणणे विमा कंपनीला आयते मिळेल. पावती हस्तलिखित असली तरी चालते. यूपीआयची नोंद आणि गॅरेजवाल्याचे मेसेज जोडा, आणि त्यांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र द्या.

तपासणी पूर्ण झाली आणि पोलिसांची लेखी परवानगी मिळाली की मूळ मापाचे नवे ब्रेक अधिकृत सेवा केंद्रातून बसवा. चॅसिस क्रमांकावरून भागांचे क्रमांक काढून जॉब कार्डवर लिहून घ्या आणि काढलेले कॅलिपर, डिस्क, होस खूणचिठ्ठी लावून निकाल लागेपर्यंत घरी ठेवा.