नाव सचिवांचं, खातं भलत्याचंच

प्रश्न : ताई, मुलुंड पूर्वेला आमची ३६ बिऱ्हाडांची सोसायटी आहे आणि मी खजिनदार. पावसाच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचंय. परवा सचिवांचा मेल आला : ‘कंत्राटदाराचं खातं बदललंय. उरलेला हप्ता सोबतच्या खात्यात आजच भरा. मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका.’ सचिव म्हणतात, मी असं काही पाठवलंच नाही. पैसे अजून भरलेले नाहीत. त्यांचा मेल हॅक झालाय का?
– एक खजिनदार

उत्तर : खजिनदारसाहेब, झालाच असेल असं नाही. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं, पोस्टमन काही विचारत नाही. ईमेलचंही मुळात तसंच आहे. मेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतो ते १९८२ सालचे. तेव्हा या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, त्यामुळे पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच ठेवली नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या नंतर जोडल्या.

आता तो मेल पुन्हा उघडा. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं. त्याच्याखालचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता उलगडतो. बहुतेक वेळा खेळ तिथेच उघडा पडतो : नाव सचिवांचं आणि पत्ता कुठलातरी फुकटातला, कालपरवा काढलेला. ‘रिप्लाय-टू’ वेगळा असेल तर तोही बघा. म्हणजे तुमचं उत्तर भलतीकडेच जाणार होतं.

पत्ता अक्षर न् अक्षर सचिवांचाच निघाला, तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडून तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’वर जा. वरच्या तक्त्यात डीमार्कसमोर ‘फेल’ असेल तर बाहेरच्याने त्यांचा पत्ता वापरलाय असं धरून चाला. तिन्हीसमोर ‘पास’ असेल तर मात्र काळजी करा, कारण मेल बहुधा त्यांच्याच खात्यातून निघालाय. मग त्यांच्याशेजारी बसून पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) चालू करा आणि सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ जरूर तपासा. चोर तिथे गुपचूप नियम लावून ठेवतात, म्हणजे तुमचं उत्तर सचिवांना दिसतच नाही. आणि ‘पास’ला फार भुलू नका. चोराने स्वतःच्या नावाने डोमेन (पत्त्यातलं ‘@’नंतरचं नाव) घेतलं तर त्याचाही मेल सगळीकडे पास होतो.

हे तांत्रिक झालं. मला विचाराल तर त्या मेलमधलं ‘फोन करू नका’ एवढं वाक्यच पुरे होतं. फोर्टातल्या बँकेत असताना आम्ही खातं बदलायला आलेल्याकडून लेटरहेडवर पत्र आणि रद्द केलेला चेक घेतल्याशिवाय हात लावत नसू. तुम्हीही तेच मागा. शिवाय कंत्राटदाराला फोन करा, तो तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरावर, मेलमध्ये दिलेल्या नव्हे. आणि एनईएफटी जाते ती खातेक्रमांकावर, तुम्ही लिहिलेल्या नावावर नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५पर्यंत पैसे धाडण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायला सांगितलं होतं. ते नाव वाचा, नुसतं ‘पुढे’ दाबू नका.

कंत्राटदाराचं नाव चोराला कसं कळलं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. कोटेशन लिफ्टशेजारच्या फलकावर लावलं असेल आणि त्याचा फोटो ग्रुपवर फिरला असेल, तर फार शोधायला नको.

प्रश्न : केवायसी संपल्याचा मेल आलाय, बँकेचा लोगो हुबेहूब आहे. लिंक खरी कशी ओळखायची?
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : लोगो कुणालाही उचलता येतो, तो सोडा. लिंकचा पत्ता वाचायला ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. ‘तुमची बँक डॉट केवायसी-अमुक डॉट कॉम’ असेल तर मालक ‘केवायसी-अमुक’. बँकेचं नाव पुढे नुसतं चिकटवलेलं आहे. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले की घाईत ‘एम’ दिसतो, तेही बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यांवर जायला सांगितलं होतं, म्हणून शेवट तसा आहे का ते आधी पाहा. तरी माझं ऐकाल तर लिंक दाबूच नका. ॲप उघडा, नाहीतर शाखेत जा. केवायसी खरंच उरलेली असेल तर तिथे कळेल.

प्रश्न : भावाने ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. आधी पोलीस ठाण्यात जायचं का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, बसल्या जागी. मग बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करवा, आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार नोंदवा. पैसे दुसऱ्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि बँकेला द्यायच्या अर्जात दोन्ही घाला. भावाला रागवायचं ते संध्याकाळी.