माडाचा खुंट अंगणात ठेवावा का?

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनच्या वाडीतला माड मोडला. दोन पावसाळे झाले, कमरेइतका खुंट अजून अंगणात उभा आहे. आपोआप कुजेल, की मीठ घालून जाळावा?

उत्तर : ताई, कुजेल खरा, पण कुजू देऊ नका. कुजक्या माडात गेंड्या भुंगा, म्हणजे माडाचा कोवळा कोंब पोखरणारा शिंगवाला काळा किडा, अंडी घालतो. आमच्या परसातला असाच एक खुंट मी आळसाने ठेवला होता. तिसऱ्या वर्षी शेजारच्या कोवळ्या माडाच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या बाहेर आल्या. खुंटावर कोयता घातला, तर आत नुसता भुसा आणि त्यात अंगठ्याएवढ्या, वेटोळं करून पडलेल्या पांढऱ्या अळ्या. सतरा मोजल्या. तो लहान माड वाचवताना फार जीव खालीवर झाला माझा.

मीठ नको, जवळच्या पोफळींना ते सोसणार नाही. जाळलात तर वरवर करपेल, ओला गाभा तसाच राहील. खणूनच काढा. माडाला सोटमूळ नसतं, बोटाएवढी तंतुमुळं असतात. आंब्या-फणसापेक्षा हे काम पुष्कळ सोपं. भोवती हातभर खोल चर मारा, पहारीने मुळं तोडा आणि वर दोर बांधून ओढा. कमरेइतकी उंची आहे ती इथे कामाला येईल. मग खुंट चिरून कडक उन्हात वाळवा, दिसतील त्या अळ्या मारा.

आणि शेणखताचा खड्डाही उकरून बघा. गेंड्या तिथेही वाढतो.