सीए-१२५ वाढलंय, म्हणजे नक्की काय?

प्रश्न : आई ६२ वर्षांची. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं. बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनआधी रक्तातलं सीए-१२५ (एक कॅन्सर मार्कर) ८८ आलंय. कॅन्सर पसरला, असंच धरायचं का?

उत्तर : धरून चालू नका, पण रिपोर्ट फाइलमध्ये दडपूही नका. नॉर्मलची ३५ ची रेघ मुळात अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आखलेली. सीए-१२५ हे प्रथिन गर्भाशयाचं अस्तर तयार करतं, तसं पोटातलं आणि फुप्फुसांभोवतीचं आवरणही करतं. ती आवरणं चिडली की आकडा चढतो. पोटाचा टीबी, लिव्हर सिरॉसिस, हार्ट फेल्युअर, कशानेही. मात्र कॅन्सर ठरलेला असताना आकडा वाढला, तर रोग गर्भाशयाबाहेर, लसीका गाठींत किंवा अंडाशयात गेला असण्याची शक्यता वाढते. अशा रुग्णांत रोग उलटण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. हा अनेकींचा हिशेब झाला, तुमच्या आईचं भविष्य नव्हे. सर्जन एमआरआय अधिक बारकाईने बघतील, गाठी तपासायची तयारी ठेवतील. आकड्याचा उपयोग तेवढा. स्टेज ठरते काढलेली पिशवी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर गेल्यावर.

प्रश्न : माझंही निदान हेच. लॅबने एचई-४ (रक्तातला असाच दुसरा मार्कर) सुद्धा केलं, तेही बरंच वाढलेलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) २.१ आहे. घाबरू का?

उत्तर : या आजारात एचई-४ हे सीए-१२५ पेक्षा जास्त वेळा वाढलेलं सापडतं आणि रोग गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल गेलाय याच्याशी त्याचा मेळ बसतो. पण मूत्रपिंड मंदावलं की ते आपोआप वाढतं, वयानेही वाढतं. तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं असताना या आकड्याचा अर्थ काढणं धाडसाचं आहे.

प्रश्न : पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली, गेल्या महिन्यात डाग दिसले. सीए-१२५ १४, नॉर्मल. मग बायोप्सी कशाला?

उत्तर : सुरुवातीच्या आजारात हा आकडा बहुधा नॉर्मलच असतो, म्हणून. आधी योनीमार्गे सोनोग्राफी करा. अस्तर ४ मिलिमीटरहून जाड असेल किंवा डाग पुन्हा दिसले, तर बायोप्सी करा. पाळी गेल्यावर असे डाग दिसलेल्या दहाजणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. (‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ विकणाऱ्या जाहिराती हे सांगत नाहीत.)

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पहिली स्टेज. दर तीन महिन्यांनी सीए-१२५ करते. ९ वरून १७ झालं, झोप उडाली आहे.

उत्तर : १७ नॉर्मलच. लॅब किंवा मशीन बदललं तरी एवढा फरक पडतो. ऑपरेशनआधी तुमचा आकडा वाढलेला होता का? नसेल, तर तो दर तीन महिन्यांनी मोजून हाती फारसं लागत नाही. सिरस प्रकारात (या कॅन्सरचा जास्त आक्रमक प्रकार) किंवा पसरलेल्या रोगात, सुरुवातीला चढलेला आकडा उपचारांनी उतरला असेल, तर पुढे लक्ष ठेवायला तो कामी येतो. तुमच्यासाठी अंगावरून जाणं, पोटात किंवा ओटीपोटात न थांबणारं दुखणं, विनाकारण खोकला ही लक्षणं आणि ठरलेली तपासणी महत्त्वाची.

पैसे खर्चायचेच असतील, तर पॅथॉलॉजीत मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेल्या तुमच्या गाठीच्या तुकड्यावर पी-५३ आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) या चाचण्या झाल्यात का विचारा. २०२३ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) वर्गीकरणात पोल जनुकातला बदल आणि पी-५३ तर थेट स्टेज बदलू शकतात. पोल बदललेलं असेल तर भवितव्य फार चांगलं, पी-५३ बिघडलेलं असेल तर सावध राहायचं. एमएमआर प्रथिनं गायब असतील तर लिंच सिंड्रोमची (कॅन्सरचा आनुवंशिक धोका) चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली, तर भावंडांना आणि मुलांनाही चाचणी करायला सांगा. त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो.