भाड्याच्या फ्लॅटचा हिशेब आणि यादीत नसलेला खर्च

पुण्याच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४१, हाती येणारा पगार १ लाख १० हजार, पत्नी गृहिणी, दोन मुले शाळेत. वाकडचा ७० लाखांचा जुना फ्लॅट ५० लाखांचे कर्ज काढून घ्यायचा आणि २५ हजारांनी भाड्याने द्यायचा, असा त्यांचा विचार आहे. मेंटेनन्स व मिळकतकर वजा जाता वर्षाला अडीच लाख उरतात, तर आणखी कोणते खर्च धरावेत, असे ते विचारतात.

महोदय, भाडे बाराही महिने येईल असे धरू नका. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंगकाम आणि फ्लॅट दाखवण्यात महिना सहज जातो. ते २५ हजार गेले. एजंटची दलाली, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यास लागणारे; ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही), बंद पडलेला गीझर आणि खालच्या घराच्या छतावर ओल धरवणारे बाथरूम, या सगळ्यांसाठी आणखी ३५ हजार ठेवा. उरले १ लाख ९० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना ४३,४००, म्हणजे वर्षाला ५ लाख २० हजार होतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे सव्वापाच लाख आधीच गेलेले असतील आणि नव्या करप्रणालीत घरभाड्यातला तोटा पगारातून वजाही होत नाही.

दरमहा साडेसत्तावीस हजारांची ही तूट केवळ तुमच्या पगारावर उभी आहे, म्हणून पत्रातले शेवटचे वाक्य मला अधिक गंभीर वाटते. ‘विम्याची चिंता नाही, बँकेतून वर्षाला १ लाख २० हजारांची गॅरंटीड पॉलिसी घेतली आहे,’ असे तुम्ही लिहिता. तिचे विमासंरक्षण १२ लाखांचे आहे. तुमच्या पश्चात घरखर्चाचा एक रुपयाही न धरता तेवढ्यात या कर्जाचे जेमतेम सव्वादोन वर्षांचे हप्ते भागतील. ही पॉलिसी तुम्हाला मुदतठेवीसारखी म्हणून विकली गेली, याची मला मनापासून चीड येते.

आधी दीड कोटींचा टर्म विमा, म्हणजे परतावा नसलेला, फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा विमा घ्या. प्रकृती ठीक असल्यास त्याचा हप्ता आजच्या पॉलिसीच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी पडेल. त्याची पॉलिसी हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीचे समर्पण मूल्य (ती आज बंद केल्यास हाती येणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवल्यास राहणारी रक्कम) लेखी मागवून तिचे काय करायचे ते ठरवा. फ्लॅटचे टोकन मात्र त्यानंतरही देऊ नये असे माझे मत आहे, कारण खर्चासह ७५ लाखांच्या घरावर तुम्हाला अडीच टक्के मिळणार आणि त्याच घराच्या कर्जावर तुम्ही साडेआठ टक्के भरणार.