ओबामांचे मत नेमके केव्हा बदलले?

प्रश्न : बराक ओबामा यांनी समलिंगी विवाहाला आधी विरोध केला आणि २०१२ मध्ये पाठिंबा दिला. हा विचारांती झालेला बदल होता, की मतदारांचा कल पाहून केलेला? राजकारण्याचे मत खरोखर बदलले आहे, हे ओळखायचे कसे?

उत्तर : आपल्या प्रश्नात एक दुवा सुटला आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ओबामांची सुरुवात विरोधापासून झालेली नव्हती. १९९६ मध्ये ते इलिनॉय राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवत होते, तेव्हा शिकागोतील समलिंगी समुदायाच्या एका वृत्तपत्राच्या प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरात त्यांनी असे विवाह कायदेशीर करण्याच्या बाजूने स्पष्ट कौल दिला होता. दोन वर्षांनी तशाच प्रश्नावलीत त्यांनी ‘अद्याप ठरलेले नाही’ असे नोंदवले, आणि २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात, धर्मोपदेशक रिक वॉरन यांच्यासमोर, विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचेच बंधन होय, असे सांगितले. होकार, संदिग्धता, नकार आणि पुन्हा होकार असा हा प्रवास केवळ चिंतनातून घडला, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांचे निकटचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनीही २०१५ मधील आत्मकथनात या भूमिकेमागे राजकीय हिशेब असल्याचे लिहिले. ओबामांनी मात्र ते मान्य केले नाही.

तरीही त्यांना केवळ संधिसाधू म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांची कृती त्यांच्या शब्दांच्या पुढे चालली होती. १९९६ च्या ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ या कायद्यामुळे अमेरिकेचे संघीय सरकार समलिंगी जोडप्यांचा विवाह मानतच नसे. एडिथ विंडसर आणि थेआ स्पायर यांनी २००७ मध्ये टोरांटोत विवाह केला होता; स्पायर यांच्या निधनानंतर विंडसर यांना वारसा म्हणून मिळालेल्या मालमत्तेवर ३ लाख ६३ हजार डॉलरहून अधिक संघीय कर भरावा लागला, जो पती-पत्नीच्या नात्यात लागलाच नसता. फेब्रुवारी २०११ मध्ये ओबामा प्रशासनाने न्यायालयात १९९६ च्या कायद्यातील या तरतुदीचे समर्थन करणे थांबवले. त्या वेळी अध्यक्ष स्वतः ‘माझे विचार अजून घडत आहेत’ एवढेच सांगत होते.

मे २०१२ मधील घोषणेचा क्रमही लक्षात घ्यावा. ६ मे रोजी उपाध्यक्ष जो बायडन यांनी दूरचित्रवाणीवर पाठिंबा व्यक्त केला, ८ मे रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या मतदारांनी अशा विवाहांवर त्या राज्याच्या घटनेतच बंदी घातली आणि ९ मे रोजी ओबामांनी आपला होकार जाहीर केला. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के असलेला पाठिंबा २०११ मध्ये ५३ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे जोखीम उरली होती, पण पूर्वीइतकी नव्हती.

रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन सिनेटर रॉब पोर्टमन यांचे उदाहरण वेगळे आहे. १९९६ च्या त्या कायद्याला त्यांनी मत दिले होते. २०११ मध्ये मुलाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि २०१३ मध्ये त्यांनी भूमिका बदलली. स्वतःच्या घरात प्रश्न येईपर्यंत तो दिसला नाही, ही टीका त्यांच्यावर झाली आणि ती रास्तही आहे. पण आपला पक्ष बहुतांशी विरोधात असताना ते या भूमिकेवर ठाम राहिले आणि २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. मत बदलल्यावर नेत्याने कोणती किंमत मोजली आणि पुढे कोणत्या बाजूने मत टाकले, हे मी पाहतो. त्याने सांगितलेल्या कारणाला मी त्यामानाने कमी महत्त्व देतो.

ओबामांविषयीची माझी तक्रार मात्र कायम आहे, ती त्यांनी लावलेल्या विलंबाची. स्पायर यांचे निधन फेब्रुवारी २००९ मध्ये, ओबामांच्या शपथविधीनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी झाले. त्या कराविरुद्ध विंडसर यांनी केलेल्या दाव्यात त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २६ जून २०१३ रोजी लागला, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.